पाठीवरचं आडनाव

शाळेच्या जिममध्ये माईकवर माझं आडनाव पहिल्यांदा घेतलं गेलं, तेव्हा घेणाऱ्याने त्याची पार वाट लावली होती. मधलं अक्षर गिळलं, शेवटचं ताणलं. तरी माझ्या अंगावर काटा आला, कारण इतक्या मोठ्याने ते आमच्या घरातसुद्धा कधी कोणी उच्चारलं नव्हतं.

ते आडनाव मी इथे लिहिणार नाही. माझं नाव लिहिणार नाही, कोणाचंच लिहिणार नाही. भीती वाटते म्हणून नाही. पण तुम्ही मराठी वाचता, म्हणजे ते नजरेस पडल्याबरोबर तुम्ही आमची जागा ठरवून मोकळे व्हाल, आणि तुम्हाला ते तसं कळलेलं मला नको आहे. मी सांगेन तसं कळू दे. आम्ही नागपूरचे बौद्ध. शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये राहणारे. मी दोनदा राज्य स्पर्धा जिंकलेली पैलवान. झालं सांगून, आता पुढे जाऊ.

बाबांचं सॉफ्टवेअरमधलं काम मला आजही धड समजावून सांगता येत नाही, पण त्यांची दुसरी कारागिरी मी लहानपणापासून पाहत आले. दोन मराठी माणसं भेटली की हवापाण्याच्या गप्पा संपायच्या आत 'आडनाव काय आपलं?' हे येतंच. बाबा हसून म्हणायचे, "अहो, इथे सगळे फर्स्ट नेमनेच बोलतात, तुम्हीही नावानेच हाक मारा की." समोरचा चिवट निघाला तर पुढचा प्रश्न, 'नागपुरात कुठे?' बाबा नागपूरच्या उन्हाळ्यावर घसरायचे, उन्हाळ्यावरून संत्र्यांवर, तिथून इथल्या दुकानात मिळणाऱ्या बेचव संत्र्यांवर, आणि तेवढ्यात कोणीतरी जेवायला बोलवायचं. अगदीच गळ्याशी आलं तर आजोबांच्या खेड्याच्या नावाला 'कर' जोडून एक आडनाव सांगायचे. ते आमच्या कुठल्याही कागदावर नव्हतं. पाहुण्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या कपबश्यांसारखं ते फक्त बाहेरच्यांसाठी निघायचं. एरवी आम्ही तिघं मराठी माणसांत बिनाआडनावाचे वावरायचो.

बैठकीच्या खोलीत बुद्धाची मूर्ती होती. तिचं कोणाला काही वाटत नसे, कारण अमेरिकेत ती योगा करणाऱ्या गोऱ्या बायकांच्या घरातही असते. ज्यांच्यामुळे ती मूर्ती आमच्या घरी आली, त्या कोट-टाय आणि गोल चष्म्यातल्या माणसाचा फोटो मात्र वरच्या मजल्यावर, आईबाबांच्या कपाटात, कपड्यांच्या मागे. नागपूरहून काकांचा फोन आला की बाबा गॅरेजमध्ये जायचे. आमच्यात फोन उचलल्यावर जे दोन शब्द म्हणतात, ते म्हणायला गाडीत बसून दार लावून घ्यायचे. मला वाटायचं सगळ्यांचेच बाबा फोनवर बोलायला गाडीत बसतात.

आई नागपूरला कॉलेजात मराठी शिकवायची. इथे आल्यावर कित्येक वर्षं तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, म्हणून तिचे सगळे तास माझ्या वाट्याला आले. मी आज हे लिहू शकते ते त्यामुळेच. मराठी मंडळाच्या गणपतीला उकडीचे मोदकही आईच करायची. विदर्भातल्या बाईला उकडीचे मोदक कुठून येणार, पण तिने व्हिडिओ बघून ते इतके साधले की मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमांचं बघणाऱ्या काकू दर वर्षी फोन करून म्हणायच्या, "तुझ्या हातच्या मोदकांशिवाय आमचा बाप्पा जेवतच नाही गं." या काकू आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायच्या. आईचा गणपतीवर विश्वास नव्हता. पण त्या फोनची ती वाट बघायची, हे मी पाहिलंय.

मी कुस्तीत आले ती बास्केटबॉलमधून हाकलली गेले म्हणून. मिडल स्कूलला असताना चेंडू माझ्या हातातून हिसकावणाऱ्या मुलीला मी कमरेला मिठी मारून धरलं आणि शिट्टी वाजली तरी सोडलं नाही. कोर्टच्या कडेला नाक चपटं झालेले एक मास्तर उभे होते. ते कार्यशाळेत सुतारकाम शिकवायचे आणि संध्याकाळी कुस्ती. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू चुकीच्या खोलीत आली आहेस." त्यांनी मला पलीकडच्या खोलीत नेलं. तिथे जमिनीभर मॅट अंथरलेली होती आणि घामट वास कोंडलेला होता. मला तो वास लगेच आवडला. पुढे हायस्कूललाही तेच माझे कोच झाले.

तेव्हा मुलींचा वेगळा संघ नव्हता. मुलांशीच लढायचं. काही मुलं माझ्याशी खेळायला सरळ नकार द्यायची, मग पंच माझा हात वर करायचे आणि मी जिंकायचे. न लढता वर झालेला हात फार लाजिरवाणा वाटतो. जी मुलं खेळायची ती चिडून खेळायची. एकाने माझा गाल मॅटवर असा घासला की साल निघाली. घरी आईने त्यावर हळद थापली. दुसऱ्या दिवशी वजनाआधी पंचांनी सगळ्यांची त्वचा तपासली, कारण कुस्तीत गजकर्ण वगैरे पटकन पसरतं. माझ्या गालावरचा पिवळा डाग बघून त्यांनी दुसऱ्या पंचाला बोलावलं, मग दोघांनी मिळून मला दिवसभर बाकावर बसवलं. हळद म्हणजे काय हे बाबा त्यांना समजावत होते आणि ते आणखीच मागे सरकत होते. आई महिनाभर धुमसत होती. "हळदीला घाबरतात हे लोक!" त्यानंतर केसांना तेलही बंद झालं, कारण तेलकट डोक्यावर हात घसरतो म्हणून तेही नियमात बसत नाही. शेवटी आईनेच स्वयंपाकघरात खुर्ची मांडून माझे केस कापले.

बाबांनी मात्र पहिल्या दिवसापासून कुस्तीची बाजू घेतली. दर शनिवारी पहाटे बर्फ खरवडून गाडी काढायची, चहाचा थर्मास घ्यायचा आणि मला कुठल्या कुठल्या गावांतल्या शाळांत न्यायचं. दिवसभर ते बाकांच्या सगळ्यात वरच्या ओळीत एकटे बसायचे. ओरडायचे नाहीत. मी हरले तर परतीच्या वाटेवर गाडीत जुनी हिंदी गाणी, जिंकले तर माझी गाणी. एकदा गाडीत म्हणाले, "मला तुझा हा खेळ का आवडतो माहितीये? खांदे टेकले का नाही, एवढंच पंच बघतो. तू कोणाची, कुठची, हे कोणी विचारत नाही."

तेव्हा मला ते वाक्य फार थोर वाटलं होतं. मी ते शाळेच्या एका निबंधातही घातलं होतं.

पुढे मुलींची वेगळी राज्य स्पर्धा सुरू झाली. अकरावीच्या वर्षी मी अंतिम फेरीत होते. समोरची मुलगी राज्याच्या दक्षिणेकडची, गवताच्या गाठी उचलून उचलून दंड कमावलेली. शेवटच्या फेरीपर्यंत ती पुढे होती. मग तिने एक पाय जरा पुढे टाकला, तो मी ओढला, तिला पालथं केलं आणि मानेखालून हात घालून उलटवलं. तिचे खांदे टेकेपर्यंत मी श्वास घेतल्याचं मला आठवत नाही. पंचांनी मॅटवर थाप मारली, आणि माईकवर माझं आडनाव आलं. या वेळी अचूक. एकही अक्षर इकडेतिकडे नाही. मागाहून कळलं की सकाळीच कोचनी माईकवाल्याला गाठून ते त्याच्याकडून घोटून घेतलं होतं. "जिंकलीस तर लोकांना तुझं नाव नीट कळायला हवं," असं ते म्हणाले.

शाळेने विजेतेपदाचं जॅकेट दिलं. निळं, कारण शाळेचा रंगच निळा. पाठीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत आडनाव. आईने ते हातात घेतलं, त्या निळ्यावरून हात फिरवला, आणि घडी घालून परत दिलं. बाबा म्हणाले, "छान आहे. मंडळात घालून जाऊ नकोस हं, उकडेल."

"जानेवारीत?"

"तिथे हीटर फार असतो."

मग ते जॅकेट गाडीच्या डिकीत राहू लागलं. शाळेच्या पार्किंगमध्ये मी ते अंगावर चढवायचे आणि घरच्या वळणावर काढायचे.

राज्य जिंकल्यावर माझा फोटो मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला. समोरून काढलेला, गळ्यात पदक. मोदकांसाठी फोन करणाऱ्या ज्या काकूंनी आधी आईला 'मुलीचे कान बघ कुस्तीत घासून कसे फुलकोबीसारखे झालेत, लग्नात कुड्या कुठे अडकवणार?' असं विचारलं होतं, त्यांचाच फोन आला. "आपली मराठी मुलगी! आम्हाला मॅच बघायला यायचंच आहे." बाबांनी त्यांना वर्षभर झुलवलं. एकदा गाव फार लांब होतं, एकदा तिकिटं नव्हती, एकदा हवा वाईट होती. पण बारावीच्या वर्षी सीनियर नाइट आली आणि पळवाट राहिली नाही. हा इथल्या शाळांचा रिवाज आहे. हंगामातल्या घरच्या शेवटच्या सामन्याआधी शेवटच्या वर्षाची मुलं आईवडिलांच्या मधोमध चालत मॅटवर येतात आणि माईकवर तिघांची नावं घेतली जातात. सामना आमच्याच शाळेत, काकूंच्या घरापासून पाच मिनिटांवर. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात, पण इथे वाढलेली, तिला आडनावातलं काही कळत नसे. त्यांनी मंडळात जाहीरच करून टाकलं.

माईकवरून वाचण्यासाठी आईवडिलांची नावं एका कार्डावर लिहून द्यायची होती. बाबा म्हणाले, मी भरतो. त्यांनी ते जेवणाच्या टेबलावर बसून भरलं आणि कोचना स्वतः नेऊन दिलं. मला म्हणाले, "आज जॅकेट नको घालूस. नुसतं सिंगलेटवर चाल, मोकळं वाटेल." सिंगलेट म्हणजे कुस्तीचा तो अंगाबरोबरचा पोशाख. त्यावर फक्त शाळेचं नाव असतं. मी म्हटलं, बरं, आणि जॅकेट सरावाच्या खोलीत ठेवलं.

मंडळाची माणसं फेटे बांधून आली होती. गोरी पोरं त्यांच्याबरोबर सेल्फी काढत होती. एका काकांच्या हातात पुठ्ठा होता, त्यावर 'मराठी वाघीण' लिहिलेलं. आई गर्भरेशमी साडीत, बाबा ब्लेझरमध्ये, आणि आम्ही तिघं दाराशी उभे. आमच्या आधीची दोन कुटुंबं चालून गेली. तेवढ्यात कोच आले. हातात माझं जॅकेट. मी ते सरावाच्या खोलीत विसरले आहे असं त्यांना वाटलं होतं. राज्य विजेत्याला कोचनी स्वतः जॅकेट घालायचं, अशी त्यांच्याकडे पद्धत. त्यांनी ते माझ्या खांद्यांवर ठेवलं, कॉलर सारखी केली आणि मला पाठीवर थोपटून पुढे ढकललं.

बाबांनी जॅकेटकडे हात केला, तोवर माईक सुरू झाला होता.

माईकवर माझं नाव आलं, आडनावासकट, स्वच्छ. मग माईकवाल्याने कार्ड बघून पुढचं वाचलं: तिचे आईवडील, मिस्टर अँड मिसेस, आणि ते 'कर'चं आडनाव. आजोबांच्या खेड्याचं. पाहुण्यांच्या कपबश्यांमधलं.

आम्ही चालायला लागलो. मंडळाची माणसं उभी राहून ओरडत होती, शिट्ट्या वाजवत होती. आम्ही त्यांच्या समोरून गेलो तोवर ती ओरडतच होती. मग आम्ही पुढे सरकलो आणि माझी पाठ त्यांच्याकडे झाली. मी मागे वळून पाहिलं नाही, पाहायची गरजही नव्हती. त्या कोपऱ्यातला आवाज कोणीतरी बटण फिरवून कमी करावा तसा कमी होत गेला. बाकीची जिम टाळ्या वाजवत होती, तेवढाच एक कोपरा वाचत होता. बाबांनी माझा हात घट्ट धरला होता. लपवलं नसतं तर कदाचित कोणी पाठीवर पाहिलंही नसतं. नुसत्या आडनावाने एखाद्याला शंका आली असती, एखाद्याला नसती. पण एकाच मुलीची दोन आडनावं एका दमात ऐकल्यावर आणि वाचल्यावर मराठी माणसाला पुढचं सांगावं लागत नाही.

मी त्या सामन्यात समोरच्या मुलीला पहिल्याच फेरीत चितपट केलं. इतक्या रागाने मी आधी कधी खेळले नव्हते. तिचा बिचारीचा काही दोष नव्हता.

उठून पाहिलं तर फेट्यांची ओळ रिकामी झाली होती. पुठ्ठा बाकाखाली पडला होता. काकूंचा आईला मेसेज आला, 'लवकर निघावं लागलं, उद्या मुलांची टेस्ट आहे.' त्यांच्या मुलीची टेस्ट म्हणजे माझीही टेस्ट, आणि ती नव्हती.

सामन्यानंतर कोच माझ्या बोटावरची पट्टी सोडवत होते. खाली बघूनच हळूच म्हणाले, "मला इतकी वर्षं माहीत नव्हतं की ते तुझे सावत्र वडील आहेत. फार चांगला माणूस आहे. दर शनिवारी असतो."

"ते माझे वडील आहेत," मी म्हणाले.

"अर्थातच," कोच म्हणाले. इतक्या आदराने म्हणाले की मला कळलं, त्यांना वाटतंय मी मन मोठं करून बोलतेय. मी पुढे समजावणार होते. पण कुठून सुरुवात करणार? मनूपासून?

त्या वर्षीही मी राज्य जिंकले. वसंतात मंडळाच्या कार्यक्रमात माझा सत्कार ठेवला. मला वाटलं होतं सत्कार रद्द होईल. नाही झाला. तसं कोणी काही वाईट वागलंच नाही, तेच तर आहे. काकूंनी मला शाल पांघरली, नारळ दिला आणि माईक हातात घेतला. मला नुसत्या नावाने हाक मारली, आडनाव घेतलंच नाही. म्हणाल्या, "किती खडतर परिस्थितीतून, किती तळागाळातून ही मुलगी वर आली! आणि खरं सांगू का, यांच्या रक्तातच तो काटकपणा असतो. आमच्या नाजूक मुलींना नाही जमायचं हे."

आमचं आणि त्यांचं घर एकाच बिल्डरचं. आमच्याकडे एक बेडरूम जास्त आहे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी लंगोट कसला नव्हता; आजोबा गिरणीत कामाला, बाबा कायम पुस्तकात, आणि आईला बाटलीचं झाकण उघडत नाही. वजन उतरवण्यासाठी मी स्वेटरवर स्वेटर घालून पळत होते, दिवाळीचा फराळ दुसऱ्यांनी खाताना बघत होते, बोट निखळलं तर दातांत टॉवेल धरून बसवून घेत होते, आणि काकूंनी एका वाक्यात ते सगळं उचलून माझ्या रक्ताला देऊन टाकलं. मला त्या क्षणी त्यांना शालीसकट उचलून आपटावंसं वाटलं. आजही वाटतं. मी नारळ घट्ट धरून हसत उभी राहिले.

दुसऱ्या रांगेत बाबा टाळ्या वाजवत होते. मनापासून. त्यांना हवं तेच झालं होतं, माईकवर आडनाव आलं नव्हतं.

परतताना गाडीत मी विचारलं, "तुम्ही त्या कार्डावर आपलं आडनाव का नाही लिहिलंत?"

त्यांनी गाडीचा आरसा उगाच सारखा केला. मग समोर बघतच म्हणाले, "पुण्यात मला पहिली नोकरी लागली तेव्हा खोली मिळाली होती. चांगली होती. मालकीणबाईंनी आल्या आल्या चहा दिला. मी सामान लावलं, दारावर पाटी लावली. संध्याकाळी मालक घरी आले, त्यांनी पाटी वाचली. सकाळी म्हणाले, गावाहून पाहुणे यायचेत, खोली लागेल. तेव्हापासून मी पाटी लावत नाही."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला. "पाटी लावली नसतीत तर चाललं असतं, बाबा. तुम्ही दुसऱ्याची पाटी लावलीत. मी मधे चालत होते. माझ्या एका बाजूला तुम्ही, एका बाजूला आई, आणि मी तुमची कोणीच नव्हते."

"तुला बोलायला काय जातं?" त्यांचा आवाज चढला. "तू इथे वाढलीस. तुला पाठीवर लिहून मिरवता येतं, ते कोणामुळे? इथे कोणी आणलं तुला?"

त्यांनीच आणलं होतं, हे खरंच होतं. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "सिग्नल हिरवा झालाय."

मी शेजारच्या राज्यात कॉलेजला गेले, कुस्तीच्याच जोरावर. त्या सप्टेंबरमध्ये आईला मोदकांसाठी फोन आला नाही. तिने तांदळाची पिठी आणून ठेवली होती. वाट बघून तिनेच काकूंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "अगं, या वर्षी केटररला दिले. तुला किती त्रास द्यायचा दर वर्षी!" आईने हे मला फोनवर हसत सांगितलं. त्या पिठीच्या ती भाकरी करत राहिली, दिवाळीपर्यंत. सुट्टीत घरी गेले तर ताटात तांदळाची भाकरी. बाबा म्हणाले, मऊ झालीये.

दोनेक वर्षांनी नागरिकत्वाची वेळ आली. इथे शपथ घेताना नावही बदलून घेता येतं. वेगळा खटाटोप नाही, न्यायाधीशासमोर तेवढ्यातच होऊन जातं. बाबांनी 'कर' घेतलं. आता ते खरंच त्यांचं आडनाव होतं, पासपोर्टवर छापलेलं. आई म्हणाली, "लग्नात एकदा बदललं. आता या वयात आणखी किती वेळा बदलू?" असं म्हणाली आणि सही केली, घरात दोन आडनावं कशाला म्हणून. मी सज्ञान होते, माझा अर्ज वेगळा. बाबांनी मला विचारलं नाही. नुसतं पेन टेबलावर माझ्या बाजूला सरकवून ठेवलं. मी ते उचललं नाही. त्या दिवशी वर जाऊन कपाटातला तो फोटो काढला आणि माझ्या बॅगेत ठेवला. आईने बघितलं. काचेला तडा जाऊ नये म्हणून तिने तिची एक जुनी ओढणी आणून दिली.

घरात ते आडनाव आता माझ्या एकटीचं आहे. आजोबांचं, त्यांच्या वडिलांचं, आणि शॉमबर्गच्या आमच्या घरात फक्त माझं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी पालकांचा दिवस होता. आईबाबा बर्फातून कित्येक तास गाडी हाकत आले होते. सगळ्या पालकांच्या छातीवर नावाचे स्टिकर. बाबांनी त्यांच्या सुंदर अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं, 'कर'सकट. मी जिंकले. माईकवर माझं आडनाव आलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि या वेळी बाबा चक्क ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. इतक्या वरून आला तरी तो आवाज मी ओळखला.

कानाला बर्फाची पिशवी धरून मी बाकांच्या पायऱ्या चढत होते. जॅकेट अंगावर होतं. वर बाबांशेजारी आमच्या संघातल्या एका मुलीचे वडील बसले होते, टोपी घातलेले, धिप्पाड, गप्पिष्ट. त्यांनी माझ्या पाठीवरचं आडनाव मघाशी मॅटजवळ वाचलं असणार. आता त्यांनी बाबांच्या छातीवरचा स्टिकर वाचला, खाली माझ्याकडे पाहिलं, आणि बाबांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "खरं सांगू? सावत्र मुलीसाठी बर्फातून इतक्या लांब येणारे बाप मी फार थोडे पाहिलेत. तुम्हाला मानलं."

मी दोन पायऱ्या खाली थांबले. आईने पर्स उघडली आणि आत काहीतरी शोधायला लागली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना मी ऐकलंय हे कळलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. तो माणूस नेब्रास्काचा होता, मक्याची शेती करणारा, त्याला आमच्या आडनावाचा अर्थ जन्मात कळला नसता. त्याला सांगून काहीही बिघडणार नव्हतं. मी वाट पाहिली.

"थँक यू," बाबा म्हणाले, आणि बाजूला सरकून त्यांनी मला बसायला जागा करून दिली.